क्लिनिंग कंपनीत वेठबिगारी कुठून शिरते आणि ती पकडायची कशी

मला एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की "आमची मध्यम आकाराची क्लिनिंग कंपनी, दोन-अडीचशे माणसं, ऑफिसं आणि दवाखाने साफ करतो, आता एका मोठ्या क्लायंटने आधुनिक गुलामगिरी रोखण्याची पॉलिसी मागितलीय. कागद कुठूनही उचलून देता येईल, पण खरंच काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, आणि ग्लोव्हज, युनिफॉर्म, केमिकल पुरवणाऱ्यांचं काय?"

मी या धंद्यात 19 वर्षं आहे, आधी साइटवर होते, नंतर कंत्राटं आणि पुरवठादार तपासायच्या कामात आले. त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्दाचं बघू, कारण गुलामगिरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर साखळदंड येतात आणि मग "आमच्याकडे असलं काही नाही" असं म्हणून फाईल बंद होते. मराठीत याला नेमका शब्द आधीपासून आहे, वेठबिगारी, आणि तिचं सगळ्यात जुनं हत्यारही आपल्याला माहीत आहे, उचल, म्हणजे आधी हातात दिलेले पैसे जे मग कामातून फेडायचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1930 च्या करारात सक्तीच्या मजुरीची जी व्याख्या आहे तिला दोनच पाय आहेत, माणूस आपखुशीने कामाला आलेला नाही, आणि काम सोडलं तर काहीतरी शिक्षा होईल अशी धमकी आहे. ही शिक्षा म्हणजे मारहाणच असं नाही बरं का, दोन महिन्यांचा पगार अडकलाय, पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात आहे, "पोलिसांना सांगेन तुझे कागद नाहीत" असं कुणी म्हटलंय, एवढं पुरतं. याच संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 2 कोटी 76 लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते, आणि त्यांना अडकवून ठेवायचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे पगार अडवणं. भारताच्या सुप्रीम कोर्टाने तर 1982 मध्येच, एशियाडच्या (आशियाई क्रीडास्पर्धांच्या) बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सांगून टाकलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणाकडून काम करून घेतलं तर ती सक्तीची मजुरीच, कारण भूक हीसुद्धा सक्ती आहे. मला ही व्याख्या आपल्या धंद्यासाठी सगळ्यात कामाची वाटते, पुढे कळेलच का ते.

आता आपलाच धंदा का? कारण आपलं काम कुणी बघत नाही. रात्री 10 नंतर बिल्डिंग रिकामी, क्लायंटचा माणूस सकाळी येतो तेव्हा फरशी चकाचक आणि माणसं गायब. वर भाषा येत नाही, कागद अर्धवट, शिक्षण कमी, आणि माणसं सतत बदलतात त्यामुळे नवा चेहरा दिसला तरी कुणाला काही वाटत नाही. अमेरिकेत पॅकर्स सॅनिटेशन सर्व्हिसेस नावाची कत्तलखाने आणि मांस कारखाने साफ करणारी मोठी कंपनी होती, तिच्याबाबत 2023 मध्ये तिथल्या कामगार खात्याने जाहीर केलं की 8 राज्यांतल्या 13 कारखान्यांत 13 ते 17 वयाची 102 मुलं रात्रपाळीत धोकादायक मशीन धुवायचं काम करत होती, 15 लाख डॉलरचा दंड झाला. एवढी मोठी कंपनी आहे, पॉलिसी नसेल का तिच्याकडे?

म्हणून माझं मत सरळ आहे. वेठबिगारी पॉलिसीच्या पानावर थांबत नाही, ती थांबते किंवा शिरते तीन ठिकाणी, तुमच्या दरात, तुमच्या पोटठेक्यात आणि तुमच्या पगाराच्या फाईलीत. बाकी सगळं नंतर.

दराचं आधी सांगते कारण यावर कुणी बोलत नाही. समजा 6000 चौरस मीटरचं ऑफिस आहे आणि साधं ऑफिस असेल तर एक माणूस तासाला 300 चौरस मीटर नीट करतो असं धरलं, टॉयलेट आणि पॅन्ट्री जास्त असतील तर त्याहून कमी. म्हणजे रोजचे 20 माणूस-तास झाले. आता टेंडरमध्ये तुम्ही जो आकडा टाकलाय त्याचा एका दिवसाचा हिस्सा घ्या, त्यातून केमिकल, मशीन, युनिफॉर्म, ऑफिसचा खर्च आणि तुमचा नफा काढा, आणि उरलेल्या पैशाला किमान वेतन अधिक सुट्ट्या, विमा, फंड या सगळ्याच्या तासाच्या दराने भागा. उत्तर 14 आलं तर उरलेले 6 तास कोण करणार? कुणीतरी फुकट करणार, किंवा 14 तासांत 20 तासांचं काम करणार आणि संपेपर्यंत त्याला घरी सोडणार नाहीत. हे गणित मी अक्षरशः शेकडो कंत्राटांवर केलंय आणि जिथे नंतर भानगड निघाली तिथे बहुतेक वेळा गणितात ती आधीच दिसत होती, फक्त कुणी बघितलं नव्हतं. आम्ही आता टेंडर भरायच्या आधी हा एक तक्ता करतोच आणि आकडा बसत नसेल तर काम सोडतो. सेल्सवाले शिव्या घालतात, घालू देत.

दुसरं, पोटठेका. तुमचा क्लायंट तुम्हाला काम देतो, तुम्ही लांबची साइट म्हणून दुसऱ्याला देता, तो त्याच्या ओळखीच्याला देतो, तो एका मुकादमाला फोन करतो की उद्या आठ माणसं पाठव. प्रत्येक जण आपला हिस्सा काढून पुढे सरकवतो आणि खाली पोचेपर्यंत पैसे संपलेले असतात. यावर उपाय फार हुशारीचा नाही, कंत्राटातच लिहायचं की आमच्या लेखी परवानगीशिवाय पुढे ठेका द्यायचा नाही, आणि एका पायरीच्या खाली परवानगी मिळणारच नाही. पण लिहून झालं की काम झालं असं समजू नका, साइटवर रात्री जो माणूस मॉप मारतोय त्याला "तुला पगार कोण देतं" हे विचारल्याशिवाय साखळी किती लांब आहे ते कळत नाही. मी स्वतः असं उत्तर ऐकलंय की "नाव माहीत नाही, लाल गाडीवाला देतो".

एजन्सीकडून तात्पुरती माणसं घेत असाल तर तेही यातच धरा, रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस म्हणून दोन दिवसांना येणारा सगळ्यात जास्त धोक्यात असतो कारण त्याची कुणीच चौकशी करत नाही.

तिसरं, पगाराची फाईल, आणि हे तर तुम्ही आजच करू शकता. पगाराचं एक्सेल उघडा आणि नावाप्रमाणे न लावता बँक अकाउंट नंबरप्रमाणे लावा. एकच नंबर दोनदा आला तर थांबा. नवरा-बायको असतील, बाप-लेक असतील, विचारा, पण कागदावर विचारा. मग तेच मोबाईल नंबरला करा, मग पत्त्याला, मग अडीअडचणीला कळवायच्या माणसाच्या कॉलमला. एकाच खोलीच्या पत्त्यावर 11 जण, किंवा वेगवेगळ्या आडनावांच्या 9 जणांसाठी अडचणीला कळवायचा माणूस एकच, आणि तो तुमचाच सुपरवायझर, हे योगायोगाने होत नाही. ब्रिटनमध्ये केंब्रिजशायरमधलं एक प्रकरण 2024 मध्ये सगळीकडे गाजलं, चेक प्रजासत्ताकातून आणलेली माणसं एका नावाजलेल्या फास्टफूड शाखेत आणि एका ब्रेडच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबत होती, त्यातल्या निदान चौघांचा पगार एकाच बँक खात्यात जात होता आणि ते खातं टोळीच्या ताब्यात होतं. इंग्रजी येत नसलेल्या माणसांचे अर्ज इंग्रजीत भरून आले होते. म्हणजे बघा, पोलिसांची गरज नव्हती, अकाउंट्समधल्या एखाद्याने एक कॉलम लावून बघितला असता तरी दिसलं असतं.

हजेरीकडेही बघा. जो माणूस वर्षभरात एकदाही आजारी पडत नाही, एकही रजा घेत नाही, दोन साइटवर लागोपाठ पाळ्या करतो आणि तरी कधी ओव्हरटाइमचा वाद घालत नाही, त्याला आदर्श कर्मचाऱ्याचं बक्षीस द्यायच्या आधी एकदा त्याच्याशी बोला. आणि एकाच नावावर दोन वेगळी माणसं पाळी करतायत का तेही.

आता बोलायचं कसं हा खरा प्रश्न, कारण थेट "तुला कुणी डांबून ठेवलंय का" असं विचारलं तर कुणीच हो म्हणणार नाही, बहुतेकांना स्वतःलाही तसं वाटत नसतं, त्यांना वाटतं आपण कर्ज फेडतोय. सुपरवायझर समोर नको, आणि त्याने आणलेला दुभाषा तर अजिबात नको. मी पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा मधल्या सुट्टीत जाते, आदल्या दिवशी कळवत नाही, आणि सगळ्यांशीच बोलते म्हणजे एकट्यावर कुणाची नजर जात नाही. प्रश्न साधे असतात. हे काम कुणी सांगितलं? यायला किती खर्च आला, कुणाकडून घेतले? अजून किती बाकी आहेत? पासपोर्ट, ओळखपत्र कुठे असतं, लागलं तर आज मिळेल का? पगार झाला की हातात किती राहतात? खोली कुणाची? उद्या सोडायचं ठरवलं तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाला माणूस हसला किंवा "सोडीन की" म्हणाला तर ठीक, तो गप्प झाला आणि दाराकडे बघितलं तर तुमचं काम सुरू झालं.

काही खुणा न विचारताही दिसतात. सगळे एकाच गाडीतून येतात आणि त्याच गाडीतून जातात, एकाच्याच खिशात सगळ्यांचे फोन, हिवाळ्यात पातळ कपडे, ग्लोव्हजशिवाय ॲसिड वापरून सोललेले हात, स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिसराच कुणीतरी देतो. एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका, गरीब माणूस पातळ कपड्यात येऊ शकतो. पण तीन-चार एकत्र आल्या तर दुर्लक्ष करू नका.

आणि सापडलं तर काय? इथे माझी स्वतःची चूक सांगते, कारण तीच चूक जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा करतो. तेव्हा मी ज्या कंपनीत होते तिथे पगाराची फाईल लावल्यावर सात नावं एका खात्यावर निघाली. माझं रक्त उसळलं, मी त्याच संध्याकाळी सुपरवायझरला बोलावून घेतलं आणि फाईल समोर टाकली. तो शांतपणे म्हणाला, मॅडम त्यांची खाती अजून उघडली नाहीत, मी कॅश देतो ना त्यांना, उद्या आणून उभे करतो. दुसऱ्या दिवशी सातपैकी पाच जण आले नाहीत, फोन बंद, खोली रिकामी. उरलेल्या दोघांनी नंतर थोडंथोडं सांगितलं, खोलीचं भाडं, गाडीचं भाडं, ट्रेनिंगचे पैसे, आणि उचल जी कधी कमीच होत नव्हती, हे सगळं कापून महिन्याला हातात जे पडायचं ते ऐकून अकाउंट्सचा पोरगा उठून बाहेर गेला. त्या पाच जणांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

तर क्रम असा ठेवा. ज्याच्यावर संशय आहे त्याला काही कळू द्यायचं नाही. फाईल, हजेरी, सीसीटीव्ही, मेसेज यांच्या कॉप्या बाजूला काढायच्या. कंपनीत दोन-तीन जणांनाच माहीत असू दे, आणि त्यांची नावं आधीच ठरलेली हवीत, प्रसंग आल्यावर मीटिंग नको. जिवाला धोका वाटत असेल तर लगेच पोलीस, नाहीतर आधी अशा लोकांबरोबर काम करणारी एखादी संस्था किंवा हेल्पलाइन, आणि शक्य तिथे त्या माणसाला विचारूनच, कारण परक्या देशात कागदांशिवाय असलेल्या माणसासाठी पोलीस म्हणजे सुटका असेलच असं नाही. त्याचं काम आणि पगार चालू ठेवा. भीतीपोटी कंपन्या पहिलं काय करतात तर त्या माणसालाच काढून टाकतात, "कागदपत्रं अपूर्ण" म्हणून, आणि मग तो सरळ मुकादमाच्या हातात परत जातो.

त्याने नोकरीसाठी कुणाला पैसे दिले असतील तर ते परत कुणी करायचे, हाही प्रश्न येतो. 2012 ची ढाका तत्त्वं म्हणून स्थलांतरित कामगारांसाठीची तत्त्वं आहेत, त्यात पहिलंच हे की भरतीचा खर्च कामगाराने नाही, मालकाने द्यायचा. आमच्याकडे आता नियम आहे, एजन्सीने घेतलेत असं सिद्ध झालं की आधी आम्ही परत देतो आणि एजन्सीच्या बिलातून कापतो. पहिल्या वर्षी दोन एजन्सी सोडून गेल्या. बऱ्याच गोष्टी त्यावरून कळल्या.

आता मालाची साखळी. इथे प्रामाणिकपणे सांगते, दोनशे माणसांची कंपनी दुसऱ्या देशातला कारखाना तपासू शकत नाही, तसं कुणी लिहून देत असेल तर तो थापा मारतोय. पण धोका कुठे आहे ते माहीत असायला पाहिजे. रबरी ग्लोव्हज सगळ्यात वर ठेवा. मलेशियातली टॉप ग्लोव्ह, जगातली सगळ्यात मोठी ग्लोव्हज बनवणारी कंपनी, तिच्या मालावर अमेरिकेच्या कस्टम्सने जुलै 2020 मध्ये सक्तीच्या मजुरीच्या कारणाने बंदी घातली, ऐन कोविडमध्ये. मुद्दा तोच, उचल. कामगारांनी नोकरी मिळवायला एजंटांना पैसे भरले होते आणि त्या कर्जाखाली ते दबलेले होते. कंपनीने शेवटी जवळपास 13 कोटी 60 लाख रिंगिट कामगारांना परत द्यायचं मान्य केलं आणि सप्टेंबर 2021 मध्ये बंदी उठली. मला या प्रकरणातून आशा वाटते ती एवढ्याचसाठी की गिऱ्हाईकाने दार बंद केलं तेव्हाच पैसे परत निघाले.

त्याखाली सुती कापड, म्हणजे युनिफॉर्म आणि पुसायची फडकी, मग साबण आणि डिटर्जंट कारण त्यातला बराच माल पाम आणि पाम कर्नेल तेलातून येतो आणि मलेशियातल्या दोन मोठ्या पाम कंपन्यांवरही 2020 मध्ये अशीच बंदी आली होती, आणि बॅटरीवर चालणारे स्क्रबर, म्हणजे फरशी घासायची मशीन असतील तर बॅटरीतला कोबाल्ट हा धातू. बाहेर दिलेली लॉन्ड्री मात्र लोक विसरतात, ती तुमच्या गावातच असते, गरम, बंद, रात्री चालणारी, आणि तिथे तुम्ही स्वतः जाऊ शकता. परदेशातल्या कारखान्याची काळजी करत बसण्याआधी लॉन्ड्रीत जाऊन या.

वितरकाला तीन गोष्टी विचारा, हा माल कुठल्या कारखान्यात बनतो, तिथे बाहेरून आणलेले कामगार आहेत का, आणि त्यांच्या भरतीचे पैसे कुणी भरले. पहिल्याच प्रश्नाला "आम्हाला माहीत नाही" आलं तर तो वितरक यादीत खाली. पाच ठिकाणाहून स्वस्त बघून घेण्यापेक्षा दोघांकडून जास्त घ्या, म्हणजे तुमच्या प्रश्नाला वजन येतं. आणि उद्या दोन हजार जोड हवेत असा फोन महिन्याला करू नका, त्या घाईचा ओव्हरटाइम कुणीतरी कुठेतरी करतं.

सर्टिफिकेट दाखवलं तर बघा, पण त्यावर झोपू नका. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला ऑगस्ट 2012 मध्ये कामगारांच्या हक्कांचं नावाजलेलं एसए 8000 प्रमाणपत्र मिळालं, आणि 11 सप्टेंबरला तिथे लागलेल्या आगीत अडीचशेहून जास्त माणसं मेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायला वाट नव्हती. तपासनीस आत जाऊन आला होता.

कायद्याचं थोडक्यात, कारण क्लायंट त्याच्यामुळेच कागद मागतोय. ब्रिटनचा 2015 चा मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना गुलामगिरी रोखायला काय केलं याचं दरवर्षी निवेदन काढायला लावतो, ऑस्ट्रेलियाच्या 2018 च्या कायद्यात ही मर्यादा 10 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. गंमत म्हणजे ब्रिटनच्या कायद्यात "आम्ही काहीही केलं नाही" असं लिहिलं तरी निवेदन चालतं! तुमची कंपनी कदाचित या मर्यादेत बसत नसेल, पण क्लायंट बसतो आणि तो तुमच्याकडून घेऊन त्याच्या निवेदनात लावणार.

तर त्याला द्यायचा कागद दोन पानांचा करा, त्यात "आम्ही गुलामगिरीला थारा देत नाही" हे वाक्य एकदा पुरे, उरलेल्या जागेत काय केलं ते लिहा. या वर्षी इतक्या साइटवर रात्री न कळवता गेलो, इतक्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोललो, इतकी खाती जुळली, त्यातली इतकी घरचीच निघाली, इतक्या जणांचे भरतीचे पैसे परत दिले, इतके प्रश्न अजून उघडे आहेत. शून्य लिहू नका, शून्य लिहिणाऱ्याने बघितलेलं नसतं. आणि त्या कागदाला 6000 चौरस मीटरचा तो तक्ता जोडा, खाली लिहा की या दरात 14 तास बसतात, कामाला 20 लागतात, फरकाचे 6 तास कुणाच्या बिलात धरायचे ते कृपया कळवा. उत्तर यायला वेळ लागतो, आम्हाला एकदा चार महिने लागले होते, पण दर वाढवून आलं.